चॅनल कसं वाढवावं

रेवा आणि ईशान,

आमच्या तळोद्याच्या दिवाळी अंकाचे संपादक यंदा जूनमध्येच घरी आले. त्यांना टेलिफोन खात्यातल्या माझ्या आठवणी हव्या होत्या. ट्रंक कॉल, जुना बोर्ड, पावसाळ्यात तुटणाऱ्या तारा, असं काहीतरी. मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात रेवाचा मेसेज आला की तिला आणि तिच्या मैत्रिणीला गेम खेळून दाखवायचं चॅनल सुरू करायचं आहे, आणि 'आजी, तू सीनियर आहेस, टिप्स दे'. खात्यात अडतीस वर्षं काढली, पण सीनियर म्हणून मला कोणी टिप्स विचारल्या नव्हत्या. संपादकांना कळवलं की लेख कामाच्या अनुभवावरच देईन, फक्त सध्याच्या कामावर. ते परत आले. सध्या आपण काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ट्रक चालवते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

तेव्हा हा लेख तुमच्यासाठी आहे आणि अंकाचे वाचक तो शेजारून वाचताहेत असं समजा. छापून आला की पानांचे फोटो पाठवीन.

एक गोष्ट आधीच सांगते. श्रावणातल्या एका मंगळवारी असा घोळ झाला की माझं चॅनल राहणार की जाणार हा प्रश्न उभा राहिला, आणि निकाल तुमच्या बाबांच्या हातात गेला. माझ्या शेखरने त्यातलं अर्धंच तुम्हाला सांगितलं असणार. उरलेलं अर्धं टिप्स देता देता मी सांगते.

ज्यांना हा उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी घरी बसून कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम खेळते. पडद्यावर रस्ता दिसतो, कोपऱ्यात माझा चेहरा दिसतो, आणि हे सगळं त्याच क्षणी इंटरनेटवरून ज्याला हवं त्याला बघता येतं. बघणारे बाजूच्या पट्टीत काहीबाही लिहितात, ते वाचून मी बोलते. याला लाइव्ह म्हणतात. दुसऱ्याला खेळताना बघण्यात काय मजा, असं संपादक म्हणाले. मी विचारलं, रस्त्यावर खोदाईचं मशीन चालू असलं की आपण थांबता का? तसा थोडा वेळ थांबतो, म्हणाले. तेच हे.

ट्रक माझ्याकडे आला तो ईशानमुळे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही सुट्टीला आलात तेव्हा त्याने हट्टाने ते खेळातलं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल आणवले होते. परत जाताना बॅगेचं वजन जास्त भरलं. स्टिअरिंग न्यायचं की माझं लोणचं, असा प्रश्न आला आणि तुमच्या आईने लोणचं निवडलं. तिची निवड योग्यच होती. स्टिअरिंग मग मी शिलाई मशीनच्या टेबलाला पक्कं बसवलं आणि पेडल खाली मशीनच्या पायट्यावर ठेवले, कारण पाय ठेवायची माझी जागा तीच.

इथे माझी पहिली चूक झाली. मशीनला दोन्ही पाय एकत्र मागेपुढे चालतात. ट्रकमध्ये एका पायाखाली ब्रेक आणि दुसऱ्या पायाखाली वेग. चाळीस वर्षांची सवय पायांना कोण समजावणार? पहिले पंधरा दिवस माझा ट्रक परदेशातल्या एका गुळगुळीत हायवेवर टाके घालत चालला होता. रेवा, नवीन काम सुरू करताना जुन्या कामाचं टेबल वापरू नकोस.

आता वेळेचं. वेळ एकच ठरवायची आणि ती मोडायची नाही. माझी अकरा ते साडेबारा. इथे कुकर उतरलेला असतो, आणि तिकडे ऑकलंडला तुम्ही शाळेतून येऊन काहीतरी खात बसलेले असता. एक्स्चेंजच्या बोर्डावर बसायला एक मिनिट उशीर झाला तरी पंचवीस-तीस दिवे माझ्या नावाने लुकलुकत असायचे. प्रत्येक दिव्यामागे एक वैतागलेला माणूस. ती धास्ती अंगात मुरली, म्हणून आजवर मी एकदाही उशिरा आले नाही.

पण सुरुवातीला दिवे लुकलुकत नाहीत. पहिले तीन आठवडे माझ्या बघणाऱ्यांचा आकडा एक होता. तो एक म्हणजे मीच, फोनवरून, आपण दिसतो आहोत ना हे तपासणारी. तरी बोलत राहायचं. कोणी ऐकत नसताना गप्प बसणारा माणूस कोणी आल्यावर दचकतो. ऑपरेटरला रिकाम्या तारेशी बोलायची सवय असते. मी दर दोन मिनिटांनी म्हणत राहिले, 'नमस्कार, तळोदा एक्स्चेंज'. चॅनलचं नाव तेच पडलं.

दुसरी चूक इंग्रजीची. चिंचपाड्याला लहानपणी एका मिशनरी बाईंनी मला इंग्रजी शिकवलं. त्या जोरावर नोकरी लागली, आणि त्याचा तोरा मी कधी सोडला नाही. मला वाटलं, इंटरनेट म्हणजे इंग्रजीच हवं. वहीत दोन रंगांच्या शाईने मजकूर लिहून काढला. गुड मॉर्निंग, डिअर व्ह्यूअर्स. मग अवजड वाहतुकीचं समाजातलं स्थान. पाऊण तास बोलले. शेवटी कळलं की माइक बंद होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी शिलाई मशीनने ऐकलं. म्हणून रेवा, चित्र खराब असलं तर चालतं, आवाज आधी तपास.

दुसऱ्या दिवशी माइक चालू होता आणि ट्रक उतारावर लागला होता. ब्रेक समजून मी भलताच पाय दाबला. समोर दरी. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं आणि तोंडातून निघालं, "पडनी, पडनी, पडनी व माय." आम्ही घरात पुस्तकी मराठी बोलत असलो तरी बाजारात अहिराणीच बोलायचो. घाबरल्यावर माणूस बाजारातलंच बोलतो, असं दिसतं.

गाडी पडली. आणि बाजूच्या पट्टीत पहिल्यांदा अक्षरं उमटली. 'मावशी, उतारात न्यूट्रल नका करू. गियरमध्येच राहू द्या.'

हा गुलाबसिंग. तळोद्याहून धडगावला जाणारी काळीपिवळी जीप चालवतो. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरेपर्यंत ड्रायव्हरला काही काम नसतं. त्या वेळात तो मला बघायचा. घरी पावरी बोलतो, पण लिहायचा ती आश्रमशाळेतली शुद्ध मराठी, ऱ्हस्व-दीर्घासकट. त्याच्यामुळे स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर आले, त्यांच्यामागून प्रवासी, प्रवाशांमागून त्यांचे भाऊबंद. गेममधल्या बर्फाच्या डोंगरात एक वळण होतं, तिथे मी रोज पडायचे. त्याचं नाव आम्ही चांदसैली ठेवलं, धडगावच्या वाटेवरच्या घाटाचं. 'मॅडम चांदसैलीला आल्या' असं कोणी लिहिलं की स्टँडवरची सगळी डोकी म्हणे एका फोनवर वाकायची.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. तापीकाठच्या एका गुजर कुटुंबातल्या बाई येतात. केळीच्या बागेतल्या मजुरांचं जेवण आटोपून बसत असाव्यात. दर सात-आठ मिनिटांनी 'जय श्रीकृष्ण' लिहितात, दुसरं काही नाही. गाडी पडली तरी जय श्रीकृष्ण, पोचली तरी जय श्रीकृष्ण. एक दिवस त्या आल्या नाहीत तर सगळे मला विचारत राहिले.

धानोऱ्याच्या एका गृहस्थांनी तीन दिवस मुकाट्याने बघितलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, गुरुवारी गाडी रिकामी आहे का, मिरची न्यायची आहे. मी लिहिलं की हा गेम आहे. त्यांनी लिहिलं, ते समजलं, पण रिकामी कधी होणार? नंतर एकाने मला समजावलं की ते गंमत करत होते. माझी अजून खात्री नाही.

घाणेरडं लिहिणारेही येतात. रेवा, ते तुझ्याकडेही येतील, आणि तुला वाटेल की आपलंच काही चुकलं. अशा माणसाला उत्तर द्यायचं नाही, रडायचं तर अजिबात नाही. बोर्डावर असे फोन किती यायचे. मी एकच वाक्य म्हणायचे आणि कॉर्ड उपटायचे. तेच आता म्हणते: "आपला नंबर चुकला आहे." मग त्याला कायमचं बाहेर काढते. बघणाऱ्यांना हे इतकं आवडतं की कधी कधी ते मुद्दाम चुकीचे नंबर होतात.

आता एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

तुमच्या पणजोबांचं इथल्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. दुकानदाराच्या घरात दुकान 'बंद' करत नाहीत. तो शब्द अशुभ. संध्याकाळी फळ्या लावताना म्हणायचं, दुकान वाढवलं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढली. चिंचपाड्यात आमच्या घरी दुकान नव्हतं, त्यामुळे मला हे ठाऊक नव्हतं. त्यात आमच्या एक्स्चेंजमध्ये या शब्दाचा अर्थ अगदी उलट. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" आणि पलीकडचा हो म्हणाला की कॉल पुढे चालू ठेवायचो.

लग्नानंतर पंधराच दिवसांत सासऱ्यांचा एक्स्चेंजवर फोन आला. घरी निरोप दे, म्हणाले, आज लवकर दुकान वाढवतोय. मी शेजाऱ्यांकडच्या फोनवर सासूबाईंना बोलावून सांगितलं की मामंजी आज दुकान वाढवताहेत. सुनेचा आनंदी आवाज ऐकून त्यांना वाटलं, एक्स्टेन्शन काढतात. त्या म्हणाल्या, "कुठे वाढवतात? मागे तर नाला आहे." संध्याकाळी सासरे लवकर घरी आले, तर सासूबाई दारातच नाल्यावरून भांडायला उभ्या.

पुढे शेखर शाळेतून दुकानात जाऊन बसायला लागला. एकदा त्याच्या तोंडून निघालं, "आजोबा, दुकान बंद करू?" आजोबांनी त्याला फळीजवळ उभं केलं आणि 'वाढवू का' असं म्हणेपर्यंत घरी येऊ दिलं नाही. तेव्हापासून तुमच्या बाबांनी चालत्या गोष्टीसाठी तो शब्द वापरलेला मी ऐकला नाही. पंखासुद्धा ते 'थांबव' म्हणतात. लक्ष ठेवून बघा.

आता तो मंगळवार. सकाळपासून झड लागली होती. मी अकराला बसले. बारा वाजून गेले आणि चांदसैलीचं वळण आलं. ट्रक कलून पडला, मी डोळे मिटून तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली.

मला वाटलं, संपलं आजचं. दारापुढच्या ओट्यावर येऊन गवार निवडत बसले. पण जगाला जे दिसत होतं ते वेगळं होतं. पडद्यावर माझा मिटल्या डोळ्यांचा, उघड्या तोंडाचा चेहरा गोठून राहिला होता आणि खाली गेममधली लाल अक्षरं, ड्रायव्हर मरण पावला. गाडी पडली की आमची मंडळी रोज जे लिहायची तेच त्यांनी लिहिलं. मॅडम गेल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. आरआयपी मॅडम. रोजचा तो विनोद होता आणि रोज मी त्यावर हसायचे.

त्या दिवशी नंदुरबारला आमचे एक निवृत्त सुपरवायझर आयुष्यात पहिल्यांदा माझं लाइव्ह बघत होते. त्यांना नातीने लावून दिलं होतं. त्यांनी चेहरा बघितला, श्रद्धांजली वाचली, आणि खात्याच्या शिस्तीप्रमाणे ताबडतोब कारवाई केली. पेन्शनरांच्या ग्रुपवर मोजक्या इंग्रजीत बातमी टाकली. तार करताना शब्द मोजायची सवय त्यांची अजून गेली नव्हती. 'डीपली रिग्रेट. एक्स्पायर्ड ऑन ड्यूटी.' तिथून ती ग्रुपवरून ग्रुपवर फिरली, आणि खात्याची बातमी म्हटल्यावर रोज विनोद करणाऱ्या स्टँडवरच्यांनाही खरी वाटली.

माझा फोन मशीनच्या खणात, सायलेंट. लाइव्हच्या वेळी फोन सायलेंट करून खणात टाकायचा, हा माझाच नियम. एरवी चांगला नियम आहे.

पहिली आली शेजारची सुमनबाई. डोक्यावर पदर, हातात छत्री, गल्ली ओलांडतानाच रडत. अर्ध्या वाटेवर तिने मला बघितलं आणि पाण्यातच उभी राहिली.

"माय व, तू बठेल शे?"

मी म्हटलं, बसू नको तर काय करू, गवार आहे.

"मले फोन उना, तू मरी गयी."

कोणी सांगितलं असं विचारलं. तिच्या लेकीने सुरतेहून, म्हणाली. मग डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि तिला एकदम रागच आला. "मंग मी इतली रडनू, ते काय फुकट?"

तिला शांत करतेय तोवर गल्लीत एक काळीपिवळी शिरली. आमच्या गल्लीत कधी न शिरणारी गाडी. ड्रायव्हर उतरला. हातात फुलांचा हार. त्याच्यामागून नऊ प्रवासी उतरले, आणि भर पावसात सगळ्यांनी चपला काढल्या. धडगावला निघालेली भरलेली जीप, पण ड्रायव्हर म्हणाला मयतीला पाच मिनिटं जाऊन येऊ, तर एकानेही हरकत घेतली नाही. आमच्याकडे घेत नाहीत.

गुलाबसिंगला मी त्याआधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. त्यानेही मला पाहिलं ते फोनच्या कोपऱ्यात, चष्मा आणि कानांवर मोठे हेडफोन लावलेली. इथे मी चष्म्याशिवाय, मांडीवर गवार घेऊन.

"मावशी, मॅडमचं घर हेच ना?"

"हेच."

त्याने मला निरखून बघितलं. "तुम्ही मॅडमच्या मोठ्या बहीण का?"

मोठ्या हा शब्द मला आवडला नाही. मी म्हटलं, "मॅडम मीच."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हाराकडे. मागून एका म्हाताऱ्या प्रवाशाने पावरीत काही विचारलं, याने पावरीत उत्तर दिलं, आणि नऊच्या नऊ माणसं अशी हसायला लागली की सुमनबाईही राग विसरून हसली. तो काय म्हणाला ते नंतर कळलं. म्हातारा विचारत होता, बाई उठून बसली का? याने सांगितलं, बाई पडलीच नव्हती, तिची गाडी पडली.

"मग हार?" गुलाबसिंगने मला विचारलं.

मी तो घेतला आणि आत जाऊन स्टिअरिंगला घातला. बारा माणसांचा चहा टाकला. चहा उतरवतेय तोवर लाइट आली.

आता इथे मी फोन बघायला हवा होता. मी तो बघितला नाही. पाहुणे होते, घरात हशा चालला होता, आणि गुलाबसिंग म्हणाला, मॅडम, एकदा माझ्यासमोर तो घाट उतरा. मी लाइव्ह लावलं. जिला श्रद्धांजली वाहिली ती बाई हार घातलेल्या स्टिअरिंगमागे, पाठीशी नऊ प्रवासी. बाजूची पट्टी इतकी जोरात धावायला लागली की मला वाचता येईना. जय श्रीकृष्ण मात्र तीनदा दिसलं.

चांदसैली आलं. गुलाबसिंग माझ्या कानाशी वाकून म्हणत होता, "थांबा. थांबा. आता गियर. आता, मावशी." मागे सगळे प्रवासी जीपमध्ये कलतात तसे डावीकडे कलले. सुमनबाई कलली. मीही कलले. ट्रक वळला आणि खाली उतरला. पहिल्यांदा. त्या खोलीत जो गलका झाला तसा आमच्या घरात लग्नातही झाला नव्हता. म्हाताऱ्या प्रवाशाने मशीनच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला.

ते सगळे गेल्यावर मी खण उघडला.

मुलांनो, पूर्वी ट्रंक कॉलचे तीन प्रकार असत. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग कॉल फार महाग, बहुतेक वाईट बातमीचाच. मी असे शेकडो जोडले. तिकडच्या माणसाचा आवाज कसा येतो ते मला माहीत आहे. त्या दिवशी फोनवर एकामागून एक तुमच्या बाबांचेच कॉल होते, आणि मी मागच्या खोलीत घाट उतरत होते. मी फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"कोण बोलतंय?" शेखरने विचारलं.

आवाज ऐकला आणि सवयीने तोंडून निघालं, "तळोदा एक्स्चेंज."

बाबा रडले नाहीत असं तुम्हाला सांगितलं असेल. ते खरं नाही. बराच वेळ रडले. मी लाइन धरून ठेवली. या सगळ्या हास्यात एवढी एक गोष्ट मला अजून टोचते, आणि ती तुम्हाला माहीत असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला. 'आई, खूप झालं. आता चॅनल वाढव.'

अर्थ मला पहिल्या वाचनातच कळला. पणजोबांच्या दुकानात वाढलेला मुलगा आहे तो. मी स्टिअरिंगवर टॉवेल घातला. अकरा वाजले, मी भाजी निवडली. गुरुवारी अकरा वाजले, मी डबे पुसले. पुसलेलेच परत पुसले. शुक्रवारी अकराला पाय आपोआप मशीनखाली गेले. सुमनबाई दारातून म्हणाली, "काय करी ऱ्हायनी व ताई?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, तेच देखी ऱ्हायनू मी.

त्या दिवशी दुपारी साचलेले मेसेज वाचायला बसले. नवीन चॅनल सुरू करणारी कितीतरी मुलं मला लिहितात, कुठली कुठली. सगळ्यांचा प्रश्न एकच: 'मॅडम, चॅनल कसं वाढवायचं?' एक वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. आणि मग शेखरचा मेसेज परत काढला.

ऑपरेटरला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. गिऱ्हाइकाने जो नंबर सांगितला तोच जोडायचा. त्याला कुठला म्हणायचा असेल याचा विचार ऑपरेटरने करायचा नसतो.

मी टॉवेल काढला.

आणि चॅनल वाढवलं. सांगितल्याप्रमाणे. घरी इन्व्हर्टर बसवला, म्हणजे चेहरा गोठणार नाही. फोन आता खणात जात नाही. सगळे सायलेंट, फक्त ऑकलंडचा नंबर वाजतो, मग मी घाटात का असेना. मेले, गेले, आरआयपी हे शब्द चॅनलवर वर्ज्य केले. गाडी पडली की 'मॅडम वाढल्या' असंच लिहायचं. आता रोज लोक विचारतात, आज किती वेळा वाढलात? रविवारी गुलाबसिंग येतो आणि खऱ्या घाटात गाडी कशी उतरवायची ते शिकवतो. आणि लाइव्हच्या सुरुवातीला सुमनबाई कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहते. आम्हा पेन्शनरांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी तो आता रोज देते. सुमनबाई पदर सारखा करते आणि गंभीर चेहऱ्याने जगाला सांगते, "ताई शे. बठेल शे." तिची वाट बघणारे माझ्यापेक्षा जास्त आहेत. रेवा, ही टिप सगळ्यात कामाची: आपण आहोत हे सांगणारं एक माणूस जवळ ठेव.

असा पहिला रविवार संपला आणि ऑकलंडचा नंबर वाजला.

"आई, मी काय लिहिलं होतं?"

"चॅनल वाढव."

"मग?"

"वाढवलं."

"तसं नाही गं. म्हणजे तू ते..."

पुढचा शब्द येईना. मला ऐकू येत होतं, तो शोधत होता. इतका मोठा इंजिनियर, ऑकलंडला बसलेला, पण उभा होता तो आजोबांच्या फळीजवळ. मी मध्ये बोलले नाही. लाइन स्वच्छ होती. मागे तुम्ही दोघं खुसुखुसु हसत होतात, तेही येत होतं.

मी घड्याळाकडे बघितलं आणि बोर्डावरच्या आवाजात म्हटलं, "तीन मिनिटं झाली, शेखर. वाढवू?"

तो हसला. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा.

"वाढव," म्हणाला.